किल्लेदाराच्या चेहऱ्यावरचे वण

बाबा, तुमच्याशी त्या किल्लेदाराबद्दल बोलायचं राहूनच गेलं. तुम्हांला जाऊनही आता तीस वर्षं झाली.

आचऱ्याच्या बंदरावर तुम्ही गलबतांवर नावं रंगवायचात आणि वर्षातून एकदा, गावच्या नाटकात, माणसांचे चेहरे. मी तेव्हा दहा वर्षांची. सहाव्या वर्षी देवी येऊन गेल्या होत्या. जीव वाचला, पण गालांवर, कपाळावर वण राहिले. त्या वर्षीच्या नाटकात एक फितूर किल्लेदार होता. ते काम करणारे पोस्टमास्तर म्हणजे गावातला सगळ्यांत मवाळ माणूस. रंगीत तालमीची दुपार आहे. ते आपल्या पडवीत डोळे मिटून बसलेत, तुम्ही डिंकात भाताचा कोंडा कालवून त्यांच्या गालांवर एकेक वण चिकटवताय आणि मी आरसा धरून उभी आहे. भुवया जाड होतात, एक डोळा बारीक होतो, आणि बघता बघता पोस्टमास्तर दुष्ट दिसू लागतात.

"बाबा, हे वण कित्याक?" मी विचारलं.

"लांबसून लोकांका कळाक व्हया, ह्यो माणूस वायट आसा म्हणान."

"मग माका बघून लोकांका काय कळता?"

मी भांडत नव्हते, खरंच विचारत होते. तुमचा हात थांबला. पोस्टमास्तरांनी डोळे उघडले आणि पुन्हा मिटून घेतले. तुम्ही उरलेले वण चिकटवलेत. तालीम तशीच पार पडली.

प्रयोगाच्या दिवशी मात्र तुम्ही त्यांना नवरदेवासारखं रंगवलंत. नितळ गाल, रेखीव मिशी, कपाळी केशरी गंध. असा तो देखणा किल्लेदार छोट्या राजपुत्राला मांडीवर घेऊन दूध पाजतो, गोड हसतो, आणि त्याच हसऱ्या तोंडानं शत्रूला किल्ल्याचा दरवाजा उघडून देतो. माझ्या शेजारची म्हातारी पुटपुटली, "देखणो आसा मेलो, म्हणानच कोणी वळखूक नाय." नाटक बसवणाऱ्या मास्तरांना मात्र ते मुळीच रुचलं नाही. प्रयोगानंतर मी रंगपटात तुमच्यापाशी आले होते; तिथं सगळ्यांदेखत ते तुम्हांला म्हणाले, "तिसऱ्या अंकापर्यंत खलनायक कोण तेच लोकांना कळलं नाही. तुम्ही माझं नाटक घालवलंत." कारण सांगायचं तर तुम्हांला माझ्याकडे बोट दाखवावं लागलं असतं. "माझा चुकला," एवढंच म्हणालात तुम्ही. पुढच्या वर्षी रंगवायला देवगडहून माणूस आला. तुम्ही परत कुणाचा चेहरा रंगवला नाहीत, आणि त्याबद्दल घरात कधी एक शब्द काढला नाहीत.

मीही काढला नाही. आताही हे लिहून वहीतच ठेवणार आहे, कारण यापुढचं कुणी वाचावं असं मला वाटत नाही. मोठी झाल्यावर मी शाळेत शिकवू लागले. एका वर्षी संमेलनाच्या नाटकात राक्षसीण हवी होती. मी वर्गावरून नजर फिरवली आणि दात पुढे आलेल्या एका मुलीला उभं केलं. दुसरी कुणी मनातही आली नाही. तिनं काम चांगलं केलं, टाळ्याही मिळाल्या. ती काही विचारील म्हणून दोन दिवस मी तिची नजर चुकवत राहिले. तिनं विचारलं नाही. बाबा, मला तेव्हा लाज वाटायला हवी होती. मला हायसं वाटलं.