उरलेल्या शक्यता

मंगळवार, १६ सप्टेंबर १९८६

काल लिहिलं की चूक माझ्या प्रोग्रॅममध्ये होती. ते चुकीचं लिहिलं. प्रोग्रॅम बरोबर आहे. चूक स्कार्वमध्ये आहे — प्रोफेसर लॉकहार्टांनी आयुष्यभर घडवलेल्या संगणकाच्या भाषेत. तिचं वचन एकच: तपासणीतून पार पडलेला प्रोग्रॅम चालताना आकड्याला शब्द समजणार नाही. माझा पार पडला. आणि संगणकाच्या स्मृतीतल्या एका खणात ठेवलेला आकडा त्याने शब्द म्हणून बाहेर काढला.

गुरुवार, १८

सापडलं. ते वचन खरं असल्याच्या त्यांच्या सिद्धतेत एकेक शक्यता तपासून झाल्यावर शेवटी लिहिलंय, ‘उरलेल्या शक्यता अशाच.’ आम्ही सगळेच असं लिहितो. मीही. खणाची शक्यता त्या उरलेल्यांत होती. ती अशीच नाही.

ज्याला कुणाच्या सिद्धतेत भोक सापडेल त्याने विभागाच्या शुक्रवारच्या चहाला सरळ फळ्यापाशी जायचं — रीत त्यांचीच. मी नवी होते तेव्हा माझी सिद्धता त्यांनी बिस्किट खात खात मोडली. मला रडू फुटायचं बाकी होतं. “अगं, वाचली म्हणून मोडली,” म्हणाले. “न वाचलेल्या कधी मोडत नाहीत.”

उद्याचा चहा नाही. पुढच्या शुक्रवारी, २६ला, त्यांचा शेवटचा चहा. मग निवृत्ती.

शेजारच्या टेबलावरच्या ड्युगल्डला दाखवलं. तो म्हणाला, “म्हाताऱ्याला केक खाऊ दे की सुखाने. नाताळनंतर सांग. आणि तुझा प्रबंध या सिद्धतेवरच उभा आहे ना, बाई?”

आहे.

शनिवार, २०

घरी फोन केला. उद्या रविवार, देवाचा वार; बेटावर कोणी फोनला हात लावणार नाही. बाबांना यातलं काही सांगितलं नाही. नुसतं विचारलं, भरतीचं गणित आठवतं का?

स्वयंपाकघरातलं टेबल, चुलीतल्या पीटचा, दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीचा, धूर, बाबा मास्तर आणि आम्ही दोघी बहिणी म्हणजे अख्खी शाळा. त्यांनी काढलेली भरतीची वेळ मी चुकीची ठरवली. त्या दिवशी ते जेवताना बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी होडीचं सुकाणू माझ्या हातात दिलं.

“आठवतं तर,” बाबा फोनवर म्हणाले. “रागावलो नव्हतो गं. आता तुला शिकवायला काही उरलं नाही, याचं वाईट वाटलं होतं.”

मंगळवार, २३

भाषणांची यादी लागली. त्यात मी: ‘विद्यार्थ्यांतर्फे आभार.’ मला कोणी विचारलंही नाही.

बुधवार, २४

भाषण लिहिलं. एकही वाक्य खोटं नाही. तरी सगळं खोटं वाटतं.

गुरुवार, २५

प्रोफेसर जिन्यात भेटले. “काय पोरी, तूही भाषण ठोकणार म्हणे?” हो म्हटलं. कठड्याला धरून थांबले. “फळ्यापाशी आताशा कोणी येत नाही. मला वाचायचं सोडलं वाटतं सगळ्यांनी.”

उद्या, शुक्रवार, २६ सप्टेंबर. चहाच्या वेळी. भाषण घरीच ठेवणार. खडू नेणार.