मागच्या दाराची वाट

इंदूर, मंगळवार

प्रिय श्रीराम,

हो, आज नावानंच लिहितेय. ‘अहो’ म्हणावं इतका राग अजून उतरलेला नाही.

सुरतेहून आलेल्या दत्तोपंतांजवळ तुम्ही निरोप धाडलात, ‘शैलजाला सांगा, जुनी इंदूरच्या बाजारात भाजी घेऊन बसू नको, माझं नाक कापलं जातं.’ मिलनं एका सकाळी गेटला कुलूप ठोकलं, इतकी वर्षं साच्यावर उभं राहिलेल्या माणसाला बोलावून सांगितलंसुद्धा नाही, तेव्हा कुणाचं नाक गेलं नाही. बायकोनं मेथी विकली की लगेच गेलं?

क्वार्टरांमागची जागा आठवत असेल. फुटके बॉबिन, कुजका कापूस, काचा. तुम्ही कामासाठी सुरतेला गेल्यावर शेजारच्या इंदुमतीकाकू एक दिवस कुदळ घेऊन तिथे उतरल्या. त्यांच्या घरात चूल पेटत नव्हती, पण कुणाला बोलल्या नाहीत. मग मी उतरले, मग क्वार्टरांची सगळी लाइन; जागा साफ करून भाजी लावली. मिलवाल्यांनी नळ तोडला, तर आम्ही देवळाच्या विहिरीवरून बादल्या वाहिल्या. हात सोलून निघाले. पहिली गिलकी उतरली तेव्हा काकू म्हणाल्या, ‘ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना आधी. उरेल ते बाजारात.’ आजही तसंच चालतं. आपली उर्वी पावसाळाभर त्याच भाजीवर जेवली. तुमच्या मनीऑर्डरीची वाट बघत बसले असते तर... जाऊ द्या.

काल बेटम्याहून तुमचे दादा आले. चहा पिता पिता म्हणाले, ‘श्रीरामनं मिलवाल्यांना हां करून टाकली, भई. क्वार्टर सोडायचंय. किल्ली दे.’

मला न विचारता? मिलनं बाकी सगळीकडून तारेचं कुंपण घातलंय; बागेत जायची वाट आता फक्त आपल्या मागच्या दारातून आहे. आपलंच घर त्यांना सगळ्यात आधी का हवं होतं, हे तिकडे बसून तुमच्या ध्यानात आलं नाही. दादांना मी दुसरा कप चहा दिला, किल्ली दिली नाही. आज सकाळी मिलच्या ऑफिसात जाऊन सांगून आले, ‘हां त्यांनी म्हटली असेल. राहतेय मी.’ बाहेर आले तर काकू आणि सगळ्या बायका गेटपाशी उभ्या होत्या. त्यांना तोंड दाखवताना मला तुमची लाज वाटली. हे लिहायलाच कागद घेतला. तुम्ही या, आणि दिलेला शब्द त्यांच्यासमोर परत घ्या. नाही आलात तरी मी इथून हलणार नाही. पण तुम्ही यावं, असं मला फार वाटतं.

रागावलेली, तरी तुमचीच,
शैलजा