दीड तास पुढे

१० नोव्हेंबर, सोमवार. खोर फक्कान

आलो बुवा एकदाचा! पुण्यात सात वर्षं ट्रकांची वेळापत्रकं लावली, आता समुद्राचं लावणार. ऑफिस धक्क्यावरच आहे. समोर बंदराच्या क्रेन, पाठीला डोंगर. सूर्य चार वाजताच डोंगराआड जातो, मग उजेडावरून वेळ कळायची आशाच नको.

मालक गुणवंतशेठ मूळचे सांगलीचे. हौशी लोकांना बोटीने मासे पकडायला नेतात. वारा, लाटा, भरती-ओहोटी बघून बोट कधी सोडायची आणि कधी परत आणायची ते मी ठरवायचं, तक्त्यावर लिहायचं आणि सही ठोकायची. तुम्ही आता समुद्राचे स्टेशनमास्तर, यल्ला, लागा कामाला, असं शेठ म्हणाले. आपल्याला पद आवडलं.

संध्याकाळी पापलेट खाल्लं. चाळीस दिरहॅम, म्हणजे साधारण हजार रुपये! घास टोचला, पण गिळला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज तय्यब नाखवा भेटला. मूळचा दाभोळचा, बोट तोच चालवतो. माणूस हसत म्हणून नाही. त्याने खडकाची सहल समजावली. उधाणाच्या दिवसांत मोठी ओहोटी लागली की बाहेर एक सपाट खडक उघडा पडतो. बोट माणसांना त्यावर उतरवते, लोक गळ टाकून बसतात, पोरं शिंपले गोळा करतात. जवळ नांगर टाकता येत नाही, म्हणून बोट लांब उभी राहते. ऑफिसातून वायरलेसवर परतीचा निरोप आला की जाऊन माणसं उचलायची. उशीर झाला तर खडक पाण्याखाली.

ऑफिसात भिंतीवर दोन घड्याळं आहेत. एक इथलं, एक भारताचं, दीड तास पुढे. भारताचं माझ्या आधीच्या रणजितने लावलेलं, घरी फोन करायला सोयीचं म्हणून. मार्चमध्ये त्याने परतीची वेळ त्या घड्याळावरून लिहिली. साडेचारच्या जागी सहा. तय्यब निरोपाची वाट बघत राहिला. खडकावर त्याचीच बायको होती, खतीजा. ती गिऱ्हाइकांना तिथेच मासे तळून द्यायची. त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं, ती एकटीच शिंपले काढायला उतरली होती. परत आलीच नाही.

रणजित आता घरी असतो, कुणी किती वाजले विचारलं तरी रडतो. हे शेठनी हसत सांगितलं. खरं सांगतो, मीही हसलो. दोन घड्याळांत घोटाळा करणारा माणूस स्टेशनमास्तर कसला?

तय्यब म्हणाला, ते घड्याळ फेकून दे. मी नाही फेकलं. मुग्धाला फोन करायला बरं पडतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

इथला एक नियम कळला, तय्यबने घालून दिलेला. जो वेळ लिहितो, त्याचं माणूस खडकावर पाहिजे. एरवी तो खडकाची सहल नेतच नाही. गिऱ्हाइकांचा भरवसा वाढतो म्हणून शेठही खूश. मुग्धा आणि आठ वर्षांची शर्वाणी चार डिसेंबरला येतायत. सहा तारखेची सहल पक्की. नाही म्हटलं तर व्हिसा खलास, हेही शेठनी गोडीत सांगून टाकलं.

मी कशाला नाही म्हणू? मला घड्याळ कळतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

शमालचा वारा सुटलाय, बोटी बंद. सकाळी इथलं घड्याळ दीड तास पुढे होतं. काच आतून ओली. बोट लावून चाखलं तर खारट. पुसलं, वेळ लावली. शर्वाणीने फोनवर सांगितलं, बाबा, आय विल कॅच अ शार्क. पोरगी पुण्यात राहून इंग्रजी झालीय, इथे तर विचारायलाच नको.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा दीड तास पुढे. भारताचं घड्याळ उतरवून कचऱ्यात टाकलं. आता मोबाइलही पुढे धावतो आणि हातात ओला लागतो. ऑफिसात तळलेल्या माशांचा वास येतो. इथे चूल नाही.

तक्त्यावर साडेआठ लिहिलं, वाचलं तर दहा. अक्षर माझंच.

तय्यबला सांगितलं. तो म्हणाला, अजान ऐक, अजान चुकत नाही. मग खिडकीशी बसून ताडून बघितलं. दर वेळी बरोबर दीड तास. चला, हिशोब सोपा. जे दिसेल त्यातून दीड तास वजा करायचा.

३० नोव्हेंबर, रविवार

सवय झाली. दिसले नऊ, म्हणजे साडेसात. पाच दिवसांत एकदाही चुकलो नाही. भीती वाटते, खोटं कशाला लिहू. पण खतीजा जे करते ते मला कळलंय. रणजितला कळलं नव्हतं.

४ डिसेंबर, गुरुवार

दोघी आल्या. शर्वाणी गळ्यात पडली. मुग्धा म्हणाली, तू वाळलास. सहलीला नका जाऊ म्हणालो. ती हसली, अरे, तूच तर ठरवतोस ना वेळ?

झोप नाही.

६ डिसेंबर, शनिवार

वारा मंद, लाट अर्धा मीटर. ओहोटी तीनला संपते. परत साडेचार, पाचला खडक बुडतो. तक्ता तीनदा मोठ्याने वाचला. साडेचारच.

तय्यब दोघींना आणि माझ्या तक्त्याला घेऊन गेला. जाताना एवढंच बोलला. टायम तुझा, भाऊ. मी हुकुमाबगर हलायचो नाय.

मोबाइल बघवत नाही. आवाज बंद करून ड्रॉवरमध्ये टाकला. वास नको म्हणून खिडक्या लावल्या.

घड्याळात साडेतीन. म्हणजे दोन.

घड्याळात साडेचार. म्हणजे तीन. ओहोटी संपली. अजून दीड तास आहे, निवांत.

आज वास नाही. काचही कोरडी ठणठणीत. सोडला वाटतं तिने माझा पिच्छा. बरं वाटतंय.

घड्याळात पाच वीस. म्हणजे तीन पन्नास. बाहेर अंधारलंय, डोंगरामुळे. जीव गुदमरतोय, खिडकी उघडतो.

अजान.

चारला कुठली अजान — दुपारची, असरची, तीनलाच होते — ही मगरिबची. सूर्य बुडाल्यावरची —

काच कोरडी होती. आज घड्याळ बरोबर होतं. आज तिने हातच लावला नाही. वजा मी केलं — मी —

ड्रॉवर. मुग्धाचे एकवीस कॉल. शर्वाणीचा एक निरोप. बाबा, पिक अप, वॉटर इज ऑन माय नीज. पाच सातचा.

शेवटचा कॉल पाच अकरा. मग नाही.

वायरलेसवर ओरडलो. तय्यब शांत. म्हणाला, साडेचारपासून बघतोय. इथून सगळं दिसतं. त्या दिवशीही दिसत होतं, तेव्हाही हुकूम नव्हता.

जा म्हणालो. पाया पडतो म्हणालो. तो म्हणतो, आधी टायम लिही. लिहून वाचून दाखव, मग नांगर उचलतो. तक्ता त्याच्याकडे, हाताशी हीच वही —

पोचायला अर्धा तास तरी —

पान ओलं होतंय — शाई —

परतीची वेळ: सहा वा