धुराड्यातला बूट

प्रिय हेस्टर,

मी मजेत आहे, जेवणही पोटभर मिळतं. या जुन्या हवेलीची दोरासारखा पीळ दिलेली धुराडी उतरवून आम्ही वीट न् वीट पुन्हा रचतोय. उंचीची काळजी करू नकोस. वारा सुटला की आमचा म्हातारा मुख्य गवंडी जेबेझ मला खाली हाकलतो.

काल धुराड्यात लहान मुलाचा एक बूट सापडला, घराला नजर लागू नये म्हणून पूर्वीच्या गवंड्यांनी चिणलेला. मालकीणबाईंना तो काचेच्या कपाटात हवा होता. जेबेझ म्हणाला, "ठेवा की. फक्त धुराडं पडलं तर मला बोलवू नका." बूट मुकाट्यानं जागेवर गेला.

आपल्या छोट्या नेलचा खोकला कसा आहे? तिला लहान झालेला एक बूट पाठव. मी काही बोललो नव्हतो, तरी जेबेझनं त्या जुन्या बुटाशेजारी तेवढी जागा मोकळी सोडलीय.

तुम्हा दोघींचाच,
विल्फ्रेड