दुधाचा ताप

जोगेश्वरी, १२ ऑगस्ट १९८४

सौ. शेवंतीताई विहीणबाईंस,
विमलाच्या सासूचा नमस्कार.

पाय मोडल्यामुळे तुम्हाला गावाहून येता आलं नाही, म्हणून लेकीचं बाळंतपण माझ्या भरवशावर सोडलंत. "दोघंही सुखरूप" असं मी कळवलं, ते अर्धंच खरं होतं.

आठव्या दिवशी विमलाला थंडी वाजून ताप भरला. म्हणाली, "आई, पोटात फार दुखतंय. अंगावरून जातं त्याला घाण वास येतोय." मी उलट दटावलं, "दुधाचा ताप आहे गं, बाळंतिणीला एवढं होतंच." दुसऱ्या दिवशी ती बरळू लागली. शेजारच्या कुंदा नर्सने हात लावून पाहिलं आणि लगेच टॅक्सी बोलावली. वारेचा तुकडा आत राहून सडला होता. डॉक्टर म्हणाले, "आणखी उशीर झाला असता तर हाती लागली नसती."

आता ताप उतरलाय. काल तिने स्वतःहून पेज मागितली. मी रडले, तर माझीच समजूत काढत म्हणाली, "आईला कळवू नका. ती तुम्हाला कधी माफ करणार नाही."

तिने शपथ घातलीय, म्हणून हे पत्र टाकणार नाही. पण आता ती काही सांगू लागली, की हातातलं काम ठेवून मी तिच्याजवळ बसते आणि मध्ये बोलत नाही.

तुमची अपराधी,
वनमाला