मोशीच्या पुढं मी ओढलेली दोरी

आई,

काल तुझ्या नातीनं भर हायवेवर गाडी कडेला घेतली, डिकी उघडली, आतून एक पिवळं प्लास्टिकचं भांडं काढलं आणि आपल्या दोन वर्षांच्या पोरीला त्यावर बसवलं. शेजारून ट्रक धडधडत जात होते. ही बया भांड्यापुढं उकिडवी बसून पोरीशी गप्पा मारत होती, जशी काही घरच्या मोरीतच बसलीये. मग खिडकीशी येऊन मला म्हणाली, "आई, तुला जायचंय का? पुढं पंप आहे, तिथं थांबू." मी नाही म्हणाले. त्या 'नाही'वरून तू आठवलीस, आणि आठवलीस ती रागानंच. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस पांढरे झाले, पण हा राग काही जुना व्हायला तयार नाही. म्हणून लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं, ते मला ठाऊक आहे. ऐकून घ्यायचीही तुला सवय नव्हती. आज मात्र मधे बोलायचं नाही.

देहूरोडच्या लग्नापासून सुरू करते. मी सात-आठ वर्षांची. हिरवा झालरीचा फ्रॉक, नवा कोरा, अजून खळीचा वास येणारा. सकाळपासून तू मला पाण्याचा थेंब दिला नाहीस. "गाडीत लागंल" म्हणालीस. तू स्वतः तर आदल्या दिवशीपासूनच पाणी तोडलं होतंस. पण लग्नघरात तुझी नजर चुकवून मी माठावर दोन तांबे ढोसले आणि परतीच्या गाडीत व्हायचं ते झालं. तुझ्या कानात सांगितलं. तू समोर बघतच माझ्या मांडीला चिमटा काढलास. "धर." परत सांगितलं. परत चिमटा. तिसऱ्यांदा मी सांगितलंच नाही. फ्रॉक ओला झाला, बाक ओला झाला, आणि तू पलीकडच्या बाईला हसून म्हणालीस, "तांब्या लवंडला वं." घरी आल्यावर मारलं नाहीस. फ्रॉक धुतलास, घडी करून ट्रंकेत तळाशी टाकलास, तो मला पुन्हा कधी घालायला मिळाला नाही. त्या दिवशी मी धरायला शिकले. शाळेत धरलं, लग्नात बोहल्यावर धरलं. धरण्यात माझा हात कुणी धरणार नाही, इतकी तुझी शिकवण पक्की.

आता म्हणशील, मी तरी काय करू? माहीत आहे मला. चाकणच्या कांद्याच्या वखारीत तू सूर्य उगवायच्या आधीपासून दिवस मावळेपर्यंत कांदा निवडायचीस. पन्नास बायका, आणि आडोसा म्हणून एक बाभूळ नाही. पुरुष वखारीच्या भिंतीलाच तोंड करून उभे राहायचे, आणि तुम्ही बायका खाली मान घालून कांदा निवडायचात. तुम्हाला कुणी जागा दिली नाही, म्हणून तुम्ही तहानच टाकून दिलीत. हे मला कळतं गं. पण तेच तू मला शहाणपण म्हणून दिलंस, याचा मला राग आहे.

मग माझी पोरगी झाली. आम्ही पिंपरीत चाळीतल्या एका खोलीत, ह्यांच्या फिरत्या शिफ्टा, आणि मी कारखान्यात पॅकिंगला. पोरगी तुझ्याकडे चाकणला. शनिवारी यायचं, तिला पोटाशी धरायचं आणि ती झोपली की चोरासारखं निघायचं. असं वर्षभर केलं. शेवटी कारखान्याच्या पाळणाघरात जागा निघाली, पण तिथल्या बाईंची एक अट होती. मूल स्वतः सांगणारं पाहिजे. चड्डीत करणारं मूल पहिल्याच दिवशी परत. मी पंधरा दिवसांची रजा टाकून तुझ्याकडे आले आणि पोरीचा लंगोट सोडला. तुझ्या परसात भिंतीला टेकून बसायचे, पाय लांब करून पावलांत वीतभर फट ठेवायची, त्या पावलांवर तिला बसवायचं, तिची पाठ माझ्या नडग्यांना, आणि तोंडानं शूऽऽ, शूऽऽ. तूच मला असं बसवलं असशील. माझे पाय बधिर व्हायचे, मुंग्यांनी मांड्या चावून काढल्या, पण अकराव्या दिवशी ती खेळता खेळता आली, माझं लुगडं ओढलं आणि म्हणाली, "शू." मला वाटलं, आता पोरगी माझ्याजवळ राहणार. मी तिला उचलून अंगणभर नाचले. तू दारातून म्हणालीस, "एवढं काय त्यात?" तुला ती जायला नको होती, हे तेव्हाच मला कळायला हवं होतं.

निघायच्या दिवशी तू लंगोट घेऊन उभी. दोन पदरी, घट्ट, वर प्लास्टिकचा कागद. "गाडीत बांध. घरी काय करायचं ते कर." मी म्हटलं, बांधणार नाही. घरात सांग आणि बाहेर सांगू नको, हे एवढ्याशा डोक्यात कसं शिरायचं? एकदा सांगून कुणी ऐकलं नाही की ती सांगायचंच सोडेल, आणि उद्या पाळणाघरातून परत येईल. मी पिशवीत डालडाचा डबा घेतला, तारेची कडी लावलेला, अर्धा पाण्यानं भरून. तो बघून तुझं तोंड कडू झालं. "चारचौघांत टमरेल घिऊन हिंडनार व्हय?" हो, म्हटलं, हिंडणार.

गाडी खचाखच. वर टपावर कांद्याची पोती, खाली सेकंड शिफ्टला निघालेली माणसं, डबे मांडीवर. तू आम्हाला पोचवायला बरोबर निघालेलीस; तू खिडकीशी, मी कडेला, मधे पोरगी. मोशी गेली आणि तिनं माझं लुगडं ओढलं. "शू." मी कंडक्टरला हाक मारली. म्हटलं, भाऊ, मिनिटभर थांबवा, लेकराला लागलीये. तो तिकिटं फाडत म्हणाला, "भोसरीला थांबल की. तवर धरा म्हनावं." धरा! आई, तो शब्द त्या माणसाच्या तोंडून आला आणि माझ्या मांडीला चिमटा बसला बघ, जुन्याच जागी. मी उठले, डोक्यावरून जाणारी घंटीची दोरी धरली आणि खच्चून ओढली. एकदाच. एका टोल्याला गाडी थांबते, हे लहानपणापासून बघत आलेले. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला, उभी माणसं एकमेकांवर कोसळली, आणि मग जो गलका झाला!

"दोरी कुनी वढली? ओ बाई, गाडी काय तुमच्या घरची हाय?" एक जण म्हणाला, "अहो राव, गेटवर लेट मार्क लागतो आमचा." मी म्हटलं, लागू दे. माझी पोरगी सांगतेय, आणि तिनं सांगितल्यावर थांबायचं असतं, एवढं तिला कळलं पाहिजे. मी एका काखेत तिला घेतलं, दुसऱ्या हातात डबा, आणि दाराकडे निघाले. मागून कंडक्टरनं तुला विचारलं, "आजी, ही तुमच्याबरूबर हाय का?"

तू पदर पुढं ओढलास आणि म्हणालीस, "न्हाई."

मी ऐकलं. पायरीवर होते, पण ऐकलं.

खाली ना झाड ना झुडूप. नुसता मैलाचा दगड आणि नांगरलेलं रान. मी त्या दगडाला टेकून मातीत बसले, पाय लांब केले, पावलांत फट ठेवली, पोरीला बसवलं. वर एका ओळीत खिडक्या, खिडक्यांत तोंडं. शूऽऽ. ती करेना. शूऽऽ. ती वर बघत राहिली, तुला शोधत होती. कंडक्टर दारात उभा राहून तिकिटाचा चिमटा पत्र्यावर टकटक आपटतोय, कुणीतरी खिदळतंय, आणि माझ्या अंगाला दरदरून घाम. वाटलं, हिनं आत्ता केली नाही तर सगळं संपलं. गाडीत चढल्यावर करेल, हे सगळे हसतील, आई म्हणेल बघ, आणि पोरगी चाकणला परत जाईल. मग मी खिडक्यांकडे बघायचंच सोडलं. तिच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, बाळा, गाडी तुझ्यासाठी थांबलीये, तुझं झाल्याशिवाय जात नाही. कुणाला घाई नाही. धडधडीत खोटं. पण तिचं अंग माझ्या पायावर सैल पडलं आणि माझी पावलं कोमट ओली झाली. मी डब्यातल्या पाण्यानं तिला धुतलं, पाय धुतले, आणि मान वर करून गाडीत चढले. तू सरकून जागा दिलीस. माझ्याकडे बघितलं नाहीस. मीही नाही.

संध्याकाळी आमच्या खोलीत तू स्टोव्हपुढं बसून भाकरी थापत होतीस. पाठमोरीच म्हणालीस, "बाईच्या जातीनं धरून ऱ्हावं. आज गाडी थांबिवली, उद्या समदं जग थांबिवशीला?" मी म्हटलं, थांबवीन. पुन्हा लागली तर पुन्हा ओढीन दोरी. आणि तू 'न्हाई' का म्हणालीस ते आधी सांग. तुझी भाकरी तव्यावर करपली, ती काढून तू दुसरी थापायला घेतलीस. सकाळी पहिल्या गाडीनं गेलीस. गेल्यावर मी डबा घासायला घेतला, तर त्याच्या धारदार काठावर तू आपल्या लुगड्याच्या काठाची पट्टी दुमडून शिवून टाकली होतीस, बारीक टाके घालून, पोरीला लागू नये म्हणून. मी ती पट्टी बराच वेळ हातात धरून बसले. पण तेवढ्यानं मी विरघळेन असं समजू नकोस. पट्टी शिवताना कुणी बघत नव्हतं. 'हाय' म्हणायची वेळ आली तेव्हा चाळीस माणसं बघत होती, आणि तिथं तू मला टाकलंस.

पाळणाघरात पहिल्याच दिवशी, प्रार्थना चालू असताना, माझी पोरगी उठून उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाई, शू." बाईंनी मला बोलावून हे हसत हसत सांगितलं. ती राहिली. माझ्याजवळ राहिली. तेव्हापासून ती सांगतेच आहे. शाळेत, ऑफिसात, सासरी. कुणाची भीड नाही.

आणि तू? चार वर्षांनी तुला त्रास सुरू झाला. जळजळ, ताप, पाठीत कळा. तपासायला पिंपरीला आलीस. डॉक्टरांनी विचारलं, सकाळपासून पाणी किती प्यायलात? तू म्हणालीस, "न्हाई पेले. गाडीनं यायचं हुतं." डॉक्टरांना दाखवायला यायचं, तेही पाणी तोडून! मी दवाखान्यातच तुझ्यावर ओरडले, लोक बघायला लागले. तू माझा हात दाबून म्हणालीस, "हळू बोल." पावसाळा संपायच्या आत तू गेलीस. डॉक्टर काही म्हणोत, माझ्या मनात मी त्या बाकावरच्या 'धर'लाच दोषी धरते.

तर सांगायचं ते हे, की मी जिंकले. तुझ्या नातीला मी धरायला शिकवलं नाही. मला माफी मागायची नाही आणि तुझीही नको. हे पत्र पाठवायचं तरी कुठं? घडी करून ठेवीन.

एकच गोष्ट राहिली. ती मी ना ह्यांना सांगितली, ना पोरीला. त्या दिवशी मैलाच्या दगडापाशी मलाही लागली होती, आई. चांगलीच. पोरीला धुऊन झाल्यावर मी क्षणभर रानाकडे बघितलं, मग खिडक्यांकडे बघितलं, आणि डबा उचलून गाडीत चढले. तूही सकाळपासून गेली नव्हतीस. पिंपरी येईपर्यंत आपण दोघी मांडीला मांडी दाबून तशाच धरून बसलो, आणि मधे ती मोकळी होऊन गाढ झोपली होती.