तीन राजांचे उंट आणि किल्ल्यातले इग्वाना

सान तेल्मो, ७ जानेवारी

ति. आल्ताग्रासियाताईस,

एलेउतेरिओचा साष्टांग नमस्कार (गुडघा धरलाय, म्हणून उभ्यानेच). तुझी साखर कशी आहे? मायामीतल्या बाळगोपाळांना आशीर्वाद. आमचं विचारशील तर किल्ला वाचला! अगं ताई, किल्ला वाचला! 

एकतीस वर्षं मी त्या किल्ल्याचा राखणदार. वादळांनी त्याचं काही वाकडं केलं नाही, पण कुणा शहाण्याने बाहेरदेशातून हौसेने पाळायला आणलेले आणि मग सोडून दिलेले हे इग्वाना, घोरपडीएवढे हिरवे सरडे, त्याच्या मुळावर उठले. दर फेब्रुवारीत माद्या तटाखाली बिळं करून अंडी घालतात. गेल्या साली पूर्वेचा कोपरा हातभर खचला. राजधानीतून बर्मुडेझसाहेबांचं पत्र आलं: पाच तारखेला तपासणीला येतो, एक जरी इग्वाना दिसला तरी किल्ल्याला कुलूप. (आणि हा माणूस पिंजऱ्यातलेही मोजतो!) कुलूप लागल्यावर राखणदार कशाला हवा, तूच सांग.

फासे लावले (पहिला माझ्याच पायाला बसला). कुत्रा आणला (तो अजून घरी परतलेला नाही). मग डोकं चाललं. सहा तारखेच्या तीन राजांच्या सणाच्या आदल्या दिवशी आपली पोरं, रात्री बाळ येशूचे ते राजे उंटांवरून येऊन भेटी ठेवतील म्हणून, उंटांसाठी खोक्यात गवत ठेवतात ना? मी चर्चबाहेर जाहीर केलं की यंदा उंट फार भुकेले आहेत, गवतात जास्वंदी घाला (इग्वाना तिच्यावर जीव टाकतात), खोकी मोठी आणा आणि सगळी किल्ल्याच्या चौकात ठेवा. मग काय, गावात चढाओढ! ओब्दुलियाबाईंनी (त्याच, चर्चची घंटा वाजवणाऱ्या) फ्रिजचं खोकं आणलं. भर दुपारी इग्वाना तटावरून उतरले, जेवायला बोलावल्यासारखे खोक्यांत शिरले आणि आम्ही झाकणं पाडून सुतळ्या आवळल्या. छत्तीस, ताई, छत्तीस!

तेवढ्यात साहेब हजर, तासभर आधीच. आणि फ्रिजचं खोकं चालायला लागलं. "यात काय आहे?" मी खोक्याच्या झाकणावर बसकण मारली. ओब्दुलियाबाई फटकन म्हणाल्या, "उंट आहेत. राजे यायच्या आत झाकण उघडाल तर पोरांचे तळतळाट लागतील. तुमच्या आईने एवढंही शिकवलं नाही होय?" साहेबही शेवटी आपल्याच मातीतले. टोपी काढली, खोक्याला वळसा घातला, सगळा तट न्याहाळला आणि "एकही नाही" असं लिहून सही ठोकली! मी त्या बाईंच्या गळ्यात पडून ढसाढसा रडलो, लपवत नाही. आज गावभर इग्वानाचा रस्सा शिजतोय.

तुझा धाकटा,
एलेउतेरिओ

ता. क. शनिवारी चार दिवस तुझ्याकडे येतोय. मागचं अंगण मोकळं ठेव.

ता. क. दुसरा. आता खरं सांगतो. सदतिसावी मी पकडलीच नाही. मर्सेदेस तिचं नाव. माझा संसार सोडून रोसा देवाघरी गेल्यापासून रोज दुपारी ती माझ्याजवळ येऊन जेवते. घरात दुसरं आहे कोण? साहेब सही करत होते तेव्हा ती माझ्या खोलीत केळं खात होती. तिला पातेल्यात घालायला हात धजत नाही, आणि ठेवून घेतली तर फेब्रुवारीत चाळीस अंडी घालील. तुमच्या मायामीत म्हणे गल्लोगल्ली इग्वाना आहेत, त्यात एक खपून जाईल. पिशवीत अगदी गुपचूप बसते.

ता. क. तिसरा. तुझ्या घराजवळ एखादी जुनी वास्तू नाही ना? असली तर आत्ता कळवू नकोस.